अनुभव धागा: शेरा कानावर पडला, मग तुम्ही काय केलंत?

गवतीचहा (धागाकर्ती)

बस, लोकल, पार्लर, भाजीची गाडी, परदेशातलं सुपरमार्केट. शेजारी कोणीतरी कोणाच्यातरी रंगावरून, डोळ्यांवरून, केसांवरून काहीतरी बोलतं. बोलणारा आपल्याशी बोलत नसतो आणि ज्याच्याबद्दल बोलतो तोही आपला कोणी नसतो, तरी कानावर पडतंच. अशा वेळी तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं, एवढंच लिहायचं आहे. "काय करायला पाहिजे" यावर भाषणं नकोत, ती आपल्याकडे मुबलक आहेत.

विषय डोक्यात घोळतोय तो २०२० पासून. मार्चमध्ये करोनाची भीती पसरली आणि ईशान्येकडच्या माणसांना रस्त्यात "ए करोना" म्हणून हाका सुरू झाल्या. केंद्रीय गृहखात्याला राज्यांना पत्र लिहावं लागलं. त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीच्या लाजपतनगरात नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांची दुकानात टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. ती टिंगल आजूबाजूच्या कोणीतरी ऐकलीच असेल ना?

पथ्य एकच: कॉलेज, दुकान, कंपनी, माणूस, कोणाचंही नाव नको. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या कानावर येणारे बहुतेक शेरे मराठीत असतात, "यांना कुठे कळतंय" या भरवशावर मारलेले.

खारीबिस्कीट, पुणे

कोथरूडमधलं नेहमीचं पार्लर. काम करणाऱ्या मुली मणिपूरच्या. माझ्या भुवया चालू होत्या. शेजारच्या खुर्चीत फेशियलला टेकलेल्या बाई फोनवर सांगत होत्या, "हो अगं, चिंक्याच आहेत. पण हात चांगलाय. घरी काय कुत्रंबित्रं शिजवत असतील, आपल्याला काय करायचंय." माझ्या भुवईवरच्या दोऱ्याचं टोक त्या मुलीच्या दातात होतं, त्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं. मला येत होतं. दोरा जराही ढिला झाला नाही, उलट केस सपासप निघत होते.

मी डोळे मिटूनच म्हटलं, "मावशी, त्यांना मराठी कळतं हां."

"मग? मी कुठे वाईट बोलले? हात चांगलाय असंच म्हटलं की."

"कुत्र्याचंही म्हणालात."

मग सगळ्या पार्लरला ऐकू जाईल अशा आवाजात, "हल्ली बाई बोलायचीसुद्धा चोरी झालीय."

खरी गोष्ट पुढची आहे. पैसे देताना ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ती रेग्युलर आहे. फेशियल, क्लीनअप, पेडिक्युअर सगळं करते. तुम्ही फक्त आयब्रो." हसत म्हणाली, पण हिशोब चोख होता. बाई चिडून मालकिणीकडे गेल्या असत्या तर "स्टाफ उद्धट आहे" हीच तक्रार झाली असती, माझं नाव कोण घेतं? म्हणून संध्याकाळी मीच मालकिणीला फोन केला, काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांगितलं आणि मुलगी एक अक्षर बोलली नाही हेही सांगितलं. मालकीण "बघते" म्हणाली. त्या बाई अजून येतात. फोन आला की आता बाहेर जिन्यात जातात म्हणे.

स्लोलोकल, नालासोपारा

संध्याकाळची विरार लोकल. खिडकीत एक आफ्रिकन माणूस, शेजारी जागा रिकामी. विरार लोकलमध्ये, त्या वेळेला, रिकामी जागा! समोर रोजचा ग्रुप उभा. "बस ना." "तू बस, वास येतो." "पावडरवाला असेल." खीखी. मी काही बोललो नाही, जाऊन बसलो. घामाचा वास सगळ्या डब्याला येत होता, माझ्यासकट. बोरिवली गेल्यावर त्याच ग्रुपमधला एक "जरा सरका" म्हणून चौथ्या सीटवर टेकला. तो माणूस पूर्ण वेळ मोबाईलवर मॅच बघत होता. त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

सुकेबांगडे, म्हापसा

आमच्याकडे २०१३ चा ऑक्टोबर संपता संपता पर्र्याजवळ एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला आणि मग कित्येक दिवस बारमध्ये दुसरा विषय नव्हता. अशाच एका संध्याकाळी आमच्या तावेर्नात एक जण सुरू झाला, "जनावरं मेली. सगळ्यांना विमानात भरून पाठवा." दारात दोन आफ्रिकन पोरगे पाण्याच्या बाटल्या घेत होते. मी विचारलं, "आणि रांटीला रे?"

बाहेरच्यांसाठी सांगतो: रांटी मार्टिन्स नायजेरियाचा, धेंपो क्लबकडून खेळायचा. याच माणसाने फातोर्ड्याच्या स्टेडियमवर त्याच्या गोलांवर घसा फोडलेला मी पाहिलाय. चर्चिल ब्रदर्स क्लबचा ओडाफा, तोही नायजेरियाचाच.

"रांटी वेगळा."

"कसा?"

"तो गोल मारता रे!"

सगळे हसले आणि गाडी फुटबॉलवर गेली. मन काही बदललं नाही त्याचं. पण आवाज खाली आला, पोरं पाणी घेऊन निवांत गेली.

तिरकस, पुणे

@सुकेबांगडे, म्हणजे गोल न मारणारा जनावरच राहिला की. तुम्ही त्याला फार स्वस्तात सोडलंत.

सुकेबांगडे

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याचकडून मासळी घ्यायची असते बाब. पुण्यात बसून सगळं सोपं दिसतं.

डाळतांदूळ, न्यू जर्सी

धागाकर्तीशी सहमत, शेरे मराठीतच असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात भारतातून ज्येष्ठ मंडळी येतात तेव्हा तर विचारू नका. नाशिकच्या काका-काकूंना घेऊन सुपरमार्केटमध्ये गेले होते. एका काउंटरवर कृष्णवर्णीय मुलगी. काका खणखणीत आवाजात, "त्या काळीच्या रांगेत नको, हळू असतात ह्या. आणि पर्स पुढे घे."

"काका, इथे नको."

"अगं, तिला काय कळतंय?"

"मला कळतंय ना, काका."

आणि गाडा तिच्याच रांगेत लावला. ती आपली सामान पिशव्यांत भरत होती, अंडी वेगळी, ब्रेड वर. काका खांब धरल्यासारखे उभे.

गाडीत बसल्यावर भडका. "तू मला शिकवणार? आम्ही कोणाच्या अध्यात ना मध्यात." मोठ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो हे मला माहीत आहे, पण एक आठवण करून दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या इंजिनिअरला गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडला होता, आणि त्याला हे लोक इराणी वाटले होते. तेव्हा याच काकांनी नाशिकहून रोज फोन करून "अंधार पडायच्या आत घरी या" म्हणून आमचा जीव खाल्ला होता. म्हटलं, "काका, तेव्हा तुम्ही विचारत होतात ना, की नुसता रंग बघून माणूस असं कसं करू शकतो?"

काका गप्प. काकू मागून म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय ह्यांना." (त्या काहीही सांगत नव्हत्या, पण असो, मत मिळालं.) मुक्काम संपेपर्यंत काका दुकानात मराठीत फक्त किमतींबद्दल बोलले.

तिरकस

ओलेथचा विषय निघालाच आहे तर: तिथे मारेकऱ्याला अडवायला धावलेल्या इयन ग्रिलोला स्वतःला गोळी लागली. पुढे ह्यूस्टनच्या भारतीयांनी त्याला घरासाठी १ लाख डॉलर दिले, हे थोरच. पण समोरच्याच्या कमरेला काय आहे हे माहीत नसताना अंगावर जा असं कोणी कोणाला सुचवू नये.

सुईटोचणी, इंग्लंड

अंगावर जायची गरजच नसते बहुतेक वेळा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या हत्यांनंतर इथे स्थलांतरितांविरुद्ध दंगली पेटल्या, तेव्हा आम्ही नर्सेस ड्यूटी संपली की घोळक्याने घरी जायचो. त्या दिवसांत ट्रेनमध्ये एक प्यायलेला माणूस हिजाब घातलेल्या मुलीसमोर उभा राहून "तुझ्या देशात जा" चालू. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "ही गाडी यॉर्कला थांबते ना?" थांबते हे मला पाठ होतं. ती सांगायला लागली, मी पुढचं विचारत राहिले. त्याच्याकडे मान वळवली नाही. मागून माझ्या मैत्रिणीने ६१०१६ वर मेसेज टाकला. हा इथल्या रेल्वे पोलिसांचा नंबर आहे, गाडी कुठून कुठे जाणारी, डबा कोणता आणि काय चाललंय एवढं लिहायचं. पुढच्या एका स्टेशनवर पोलीस चढले.

राइट टू बी नावाची अमेरिकी संस्था हे रीतसर शिकवते. लक्ष दुसरीकडे वळवा, कोणाला तरी मदतीला घ्या, नोंद ठेवा, नंतर विचारपूस करा, आणि जमत असेल तर थेट बोला. थेट बोलणं पाचांपैकी एक आहे, आणि आपण मात्र तेवढ्यालाच "काहीतरी करणं" म्हणतो.

दांडेलीफाटा, हल्याळ

आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक शेकडो वर्षांपासून आहेत. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून निसटून जंगलात आले असं सांगतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. दांडेलीला राफ्टिंगला येणाऱ्या आपल्या मराठी पोरांना यातलं काही माहीत नसतं. बसमध्ये सिद्दी बायका बाजाराच्या पाट्या घेऊन चढल्या की "वेस्ट इंडीजची टीम आली बघ" आणि मोबाईल वर. परवा मी त्यातल्या आजींना मोठ्याने विचारलं, "काय आजी, बाजार झाला? नातू शाळेत का नाही आला काल?" आजी चक्क मराठीत, "ताप आलाय मास्तर, औषध दिलंय." मोबाईल गुपचूप खिशात गेले. आजींनी त्यातल्या एकाला पाटी वर ठेवायला लावली. ठेवली त्याने.

रोखठोक, ठाणे

थोडी चेष्टामस्करी कुठे होत नाही? आम्हालाही मुंबईत घाटी म्हणतात. इतकं मनाला लावून घेतलं तर जगणं अवघड होईल.

लष्करवाली, पुणे

मी शेऱ्याच्या दुसऱ्या टोकाची. मूळ गाव मिझोराममध्ये, वडील फौजेत, माझा जन्म खडकीचा, शाळेत मराठी होतं.

@रोखठोक, ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्यांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाईलवर फिरल्या आणि पुण्यातून, बेंगळुरूतून ईशान्येकडची माणसं गाड्या भरभरून गुवाहाटीकडे पळाली. अफवेवर इतका चटकन विश्वास का बसला? रोजच्या चेष्टामस्करीची सवय होती म्हणून. तुम्हाला घाटी म्हणणाऱ्याच्या भीतीने ठाणं सोडावंसं वाटलंय का कधी?

बाकीच्यांसाठी. मधे पडणारे बहुतेक लोक माझ्या डोक्यावरून त्या माणसाशी भांडतात. आवाज चढतात आणि सगळी बस माझ्याकडे बघायला लागते. मला नेमकं तेच नको असतं. आधी माझ्याकडे बघा, "बोलू का?" असं नजरेने तरी विचारा. आणि "या पण भारतीयच आहेत" हे वाक्य कृपा करून नको. म्हणजे मी थायलंडची असते तर चाललं असतं?

मला मनापासून आवडलेली मदत एकीनेच केली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत तुफान गर्दी, मागून दोन पोरं "मोमो, ए मोमो" करत चिकटलेली. फुलं विकणाऱ्या एका आजींनी मला मनगटाला धरून पाट्यांच्या आतल्या बाजूला ओढलं. "हिकडं ये गं, शेवंती ताजी हाय." झेंडूची भरली पाटी पायाने मधे सरकवली आणि पोरांना म्हणाल्या, "घ्यायचं आसंल तर घ्या, न्हाईतर वाट सोडा, बोहनीचा टाइम हाय." पोरं गर्दीत सटकली. मग आजींनी मला झेंडू विकला, एक रुपयासुद्धा कमी न करता. मी घासाघीस केली, तर म्हणाल्या, "पोलिसासारखी हुभी राह्यले त्याचं काय?"

तिरकस

या आजींना धाग्याचं अध्यक्षपद द्या.

काळाकोट, कोल्हापूर

वकिली करते म्हणून थोडं रुक्ष. नुसत्या वांशिक टोमण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कलम नाही. नीडो तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये कायद्यात तशी तरतूद सुचवली होती, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आलेली नाही. त्यामुळे जोडाजोड करावी लागते: मुद्दाम अपमान करून चिथावणं याला ३५२, गटागटांत वैर पसरवण्याला १९६, बाईच्या विनयशीलतेचा अपमान असेल तर ७९. यातलं ३५२ अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि कागद हातात देतात. तो कागदसुद्धा सांभाळून ठेवा, पुढे तोच माणूस पुन्हा काही करतो तेव्हा उपयोगी पडतो.

तक्रार करायची की नाही हे ज्याला बोलणी बसली त्याने ठरवायचं. आपलं काम म्हणजे स्वतःचं नाव आणि फोन नंबर त्याच्या हातात देणं, कारण साक्षीदार नसला की प्रकरण तिथेच बसतं. व्हिडिओ काढला असेल तर तोही त्यालाच पाठवा, स्वतःच्या स्टेटसला नाही. तातडीचं असेल तर ११२, रेल्वेत १३९.

स्लोलोकल

१३९ नोंदवून ठेवला. विरार लोकलमध्ये खिशापर्यंत हात पोचला की लावतो.