लॅपटॉप ८० टक्क्याच्या वर चार्जच होईना, बॅटरी बदलायलाच लागंल काय?

रंकाळाकाठ:
मंडळी जरा बघा की. लॅपटॉप घेऊन दोन वर्षं झाली, विंडोज ११ आहे, परवापर्यंत शंभर व्हायचा आणि आता आठवडा झाला ८० ला गेला की तिथंच बसतोय, खाली प्लग्ड इन दिसतंय पण पुढं सरकायचं नाव नाही. रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी ८०. राजारामपुरीत एका दुकानात दाखवला तर त्यानं उघडून पण बघितला नाही, बॅटरी गेली म्हणाला, साडेचार हजार. एवढे आत्ता नाहीत, पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे आणि पावसात आमच्याकडं लाईटचा काय भरवसा नाही. चार्जर ओरिजिनलच आहे.

तिकटीवरचा:
पूर्ण बंद पडूस्तोवर चालव आणि मग बारा तास चार्जिंगला लावून सोड. माझ्या जुन्या मोबाईलला असंच केलेलं, नाद खुळा चालला.

उद्यमनगरवाला:
वरचं ऐकू नको भावा. ते निकेलच्या बॅटऱ्या होत्या तवाचं शास्त्र, आता सगळ्या लिथियम आयन, तिला शून्यावर नेऊन ताकद येत नाही, उलट झीजच होती. टक्के उड्या मारत असतील, म्हणजे ४० वरनं एकदम ५, तर एकदा उतरवून भरली की मीटर जाग्यावर येतो, तेवढाच त्याचा उपयोग.

तुझी बरोब्बर ८० लाच थांबतीय न्हवं? मग मला तर हा बिघाडच वाटत नाही. झिजलेली बॅटरी शंभर दाखवतीच, कारण टक्के उरलेल्या ताकदीतनं काढतात, फक्त तासाभरात बसती. ८० ला अडवणारं सॉफ्टवेअर असतंय. बॅटरीतला सेल ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण भरून तसाच ठेवला आणि वरनं गरमी मिळाली की लवकर म्हातारा होतो, म्हणून कंपन्यांनीच लिमिट दिलंय. लेनोवोला व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड, आसूसला मायआसूस ॲपमध्ये बॅटरीचं सेटिंग, एचपी नाहीतर डेल असला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतं त्या सेटिंगमध्ये पण बघ.

आणि पैसे द्यायच्या आधी रिपोर्ट काढ. कमांड प्रॉम्प्ट उघड, पॉवरसीएफजी लिही, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजीत. फाईल कुठं पडली तो पत्ता तिथंच दिसतो. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, ते हितं टाक.

रंकाळाकाठ:
काढला दादा. डिझाईन ४५,००० आणि फुल चार्ज ४१,४००, पुढं एमडब्ल्यूएच (मिलीवॅट-अवर) लिहिलंय. हे वाईट आहे का?

उद्यमनगरवाला:
९२ टक्के शिल्लक आहे की रं! दोन वर्षांत एवढी उतरणारच. त्या दुकानात परत जाऊ नको. ॲपमधलं सेटिंग शोध.

गंगावेश_कट्टा:
मधेच घुसतोय, सॉरी. माझा ६० च्या आसपास थांबतोय, कधी ५८ कधी ६३, आणि टचपॅडचं क्लिक पण घट्ट झालंय. मोड वगैरे बंदच आहे. हे वेगळं काय?

उद्यमनगरवाला:
वेगळं आणि वाईट. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेव आणि एका कोपऱ्यावर बोट टेकव, डुलतोय का बघ. मग डोळा टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं बघ, टचपॅड मधनं उचललाय का, खालचं झाकण फाकलंय का. बऱ्याच लॅपटॉपला बॅटरी टचपॅडच्या खालीच असती, ती फुगली की आतनं वर ढकलती.

गंगावेश_कट्टा:
डुलतोय. मला वाटलं खालचा रबर गेलाय, म्हणून कागदाची घडी लावून वापरत होतो 😅

उद्यमनगरवाला:
घडी काढ आणि चार्जर पण काढ, आजच. चालू करू नको, फुगवटा दाबून बसवायला जाऊ नको आणि टोचायचं तर नावच काढू नको, आग लागती. नीट माणसाकडनं बॅटरी काढून घे. जुनी कचऱ्याच्या गाडीत टाकू नको, ई-कचरा घेणाऱ्याला दे. तुझं साडेचार हजाराचं काम खरं आहे बघ.

तिकटीवरचा:
आणि गादीवर ठेवून चार्ज करत असशील तर ते पण सोड, खालनं वारा जात नाही. (हे तरी बरोबर आहे का मालक?)

उद्यमनगरवाला:
हे बरोबर 😄

रंकाळाकाठ:
सापडलं!! ॲपमध्ये मोड चालूच होता. आतेभाऊ राहायला आलेला, दिवसभर चार्जर लावून गेम खेळायचा, त्यानंच केलेलं, फोन केला तर म्हणतो मी तुझ्या बॅटरीची काळजी घेतली. बंद केल्यावर पाच मिनिटांत ८३. व्हायवा झाली की परत चालू करतो.

गंगावेश_कट्टा:
मी शाहूपुरीत निघालोय, लॅपटॉप उलटा धरून.