शब्दचर्चा: कॉलेज फुटबॉलमधलं ‘पार्शल मेंबर’ मराठीत कसं सांगायचं?

इंडियानावाली

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर लेख लिहायला घेतलाय. वाचक दोन प्रकारचे. एक, शनिवारी दुपारी कुणाकुणाला फोन करायचा नाही हे पाठ असलेले इथले जुने लोक. दुसरे, पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. त्यांची सुरुवात ‘याला फुटबॉल का म्हणतात, हातात घेऊनच तर पळतायत’ इथपासून. अडलेय ते या वाक्यावर:

‘कॉन्फरन्स रिअलाइनमेंटच्या धामधुमीतही नोटर डेम फुटबॉलमध्ये इंडिपेंडंट राहिलं, पण 2013पासून ते एसीसीचं पार्शल मेंबर आहे.’

(नोटर डेम हे विद्यापीठ, एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि रिअलाइनमेंट म्हणजे विद्यापीठांनी एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाणं.) यात मराठी काय ते प्रत्यय आणि क्रियापदं. ‘परिषदांच्या पुनर्रचनेत स्वतंत्र राहिलेलं अंशतः सदस्य’ असं करून पाहिलं, तर घरातून विचारणा झाली, ही कुठली साहित्य परिषद? जाणकारांनी सुचवावं.

खडूफळा

परिषद नकोच. मराठीत परिषद एकतर भरते (पत्रकार परिषद, गोलमेज परिषद), नाहीतर निवडून येते (जिल्हा परिषद). दर शनिवारी सामने खेळणारी परिषद कानाला पटत नाही. ‘संघ’ टीमसाठी खर्ची पडलाय. ‘मंडळ’ म्हणाल तर अंक कोण काढतंय आणि सामने कोण खेळतंय, असा घोळ होईल. उरतो ‘गट’, पण वाचकाला विश्वचषकातला चिठ्ठ्या टाकून पाडलेला ‘अ गट’ आठवतो. तो स्पर्धेपुरता असतो. हा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एसीसी 1953ची, बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सचं मूळ 1896मधलं.

माझं मत: ‘कॉन्फरन्स’ तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ टाका: दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे एकत्र करून वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा गट. पैशांचा उल्लेख गाळू नका. पुढचं सगळं महाभारत त्यावरच आहे.

मिशिगनकर

आधी उच्चार. पॅरिसचं ते नोत्र दाम. इंडियानातल्या साउथ बेंडचं हे नोटर डेम. इथे कुणापुढे फ्रेंच उच्चार केलात तर दुरुस्त केले जाल.

दुपारची झोप

‘कॉलेज फुटबॉल’चं ‘महाविद्यालयीन’ करू नका एवढंच सांगतो. आपल्याकडे महाविद्यालयीन म्हटलं की गॅदरिंग आणि पुरुषोत्तम करंडक. तिकडे ऐंशी हजारांचं स्टेडियम भरतं, लाख लाख लोक बसतील अशीही आहेत. कॉलेज फुटबॉलच लिहा.

शिळोप्याच्या गप्पा

‘इंडिपेंडंट’वर कुणी बोललंच नाही. ‘स्वतंत्र’ म्हटलं की बाकीची विद्यापीठं पारतंत्र्यात आहेत असं वाटतं. तयार शब्द आहे ना: अपक्ष! वरच्या श्रेणीत आता अपक्ष फार उरलेले नाहीत. आर्मी, म्हणजे लष्करी अकादमी, 2024मध्ये एका कॉन्फरन्समध्ये गेलं, मॅसॅच्युसेट्स 2025मध्ये. त्या हंगामात राहिले दोघेच, नोटर डेम आणि कनेक्टिकट.

मिशिगनकर

अपक्ष चांगला आहे, पण आपल्याकडच्या अपक्षाला एक वास येतो: तिकीट मिळालं नाही म्हणून उभा राहिलेला. मी ‘अलिप्त’ सुचवतो. अलिप्त राष्ट्रांची चळवळ माहीत असलेल्या पिढीला लगेच कळेल: कुठल्याच गोटात न जाण्याचं धोरण.

शिळोप्याच्या गप्पा

गंमत म्हणजे तो वाससुद्धा इतिहासाला धरून आहे. नोटर डेम सुरुवातीला काही तत्त्व म्हणून बाहेर राहिलं नव्हतं. आजच्या बिग टेनचं जुनं रूप म्हणजे वेस्टर्न कॉन्फरन्स. तिच्यात शिरायची त्यांची इच्छा होती. त्यांना घेतलं गेलं नाही. तुमच्याच मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट विरोधकांत पुढे होते, आणि कॅथलिक संस्थेबद्दलची अढी हे त्यामागचं एक कारण सांगतात. मग ही मंडळी रेल्वेने देशभर फिरून खेळली, न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस. शहराशहरांतले आयरिश, पोलिश, इटालियन कॅथलिक त्यांचे पाठीराखे झाले. 1991पासून एनबीसी त्यांचे घरचे सामने दाखवते आहे. एकाच संघाचा आणि एकाच वाहिनीचा असा करार दुसऱ्या कुणाकडे नव्हता. 1999मध्ये बिग टेननेच दार उघडलं, तेव्हा यांनी नाही म्हटलं.

म्हणजे 1920च्या दशकासाठी ‘अपक्ष’, 1999नंतर ‘अलिप्त’. एकच शब्द हवा असेल तर अपक्षच घ्या. तो निदान का बाहेर आहे याबद्दल काही बोलत नाही.

खडूफळा

आता रिअलाइनमेंट. ‘पुनर्रचना’ हा शब्द मला चुकीचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. मराठीत पुनर्रचना कुणीतरी करतं. राज्य पुनर्रचना आयोग असतो, मतदारसंघांची पुनर्रचना होते. नकाशा समोर ठेवून बसलेला एक अधिकारी असतो, हरकती मागवतात, राजपत्रात छापून येतं. इथे असा कुणीही नाही. एनसीएए ही कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था आहे, पण कोणी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जावं हे ती ठरवत नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापलं बघतं आणि शेवटी जे उरतं त्याला रचना म्हणायचं.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-12 कॉन्फरन्सचं काय झालं पाहा. 30 जून 2022ला लॉस एंजेलिसच्या दोघांनी, यूएससी आणि यूसीएलएने, बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं. 2023च्या जुलैत कोलोरॅडो बिग 12कडे गेलं. ऑगस्टच्या एकाच शुक्रवारी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12कडे. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी सप्टेंबरात एसीसी गाठली. मागे राहिले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोघेच. शंभर वर्षांहून जुनी कॉन्फरन्स, महिन्याभरात दोनावर आली. याला पुनर्रचना म्हणणं म्हणजे पळापळीला कवायत म्हणणं.

मी ‘गटांतर’ सुचवतो. स्थलांतर, पक्षांतर, मतांतर यांच्या रांगेत बसतो. ‘ऑरेगनने गटांतर केलं’ हे एकासाठी झालं. सगळ्यांचं मिळून ‘गटांतरांची लाट’.

दुपारची झोप

पक्षांतराची बदनामी चिकटणार त्याला.

खडूफळा

चिकटू द्या. कॉर्व्हॅलिस आणि पुलमन, म्हणजे मागे राहिलेल्या त्या दोघांच्या गावच्या लोकांना विचारा, बदनामी नको का म्हणून. फक्त एक मान्य करतो: नोटर डेमला हा शब्द लागू करता येत नाही, कारण ते फुटबॉलमध्ये कुठल्याच गटात नव्हतं. गटांतर करायला आधी गट लागतो.

इंडियानावाली

गटांतर आवडला, घेतला. अपक्षही. पण मुख्य गाठ तशीच आहे: पार्शल मेंबर. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एकाने ‘अर्धवट सदस्य’ सुचवलंय.

मिशिगनकर

छापाच. पत्ता मात्र साउथ बेंडवाल्यांना देऊ नका.

शिळोप्याच्या गप्पा

सोसायटीच्या उपविधींत शब्द तयार आहेत की. सहकार कायद्यात ‘सहयोगी सदस्य’ आहे, ‘नाममात्र सदस्य’ आहे. फ्लॅटमालकांच्या देशात वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. विद्यापीठाच्या भाषेतलं ‘संलग्न’ही चालेल.

कोपऱ्यातली खुर्ची

इतका वेळ नुसती वाचत होते, पण इथे थांबवलं पाहिजे. या तिन्ही शब्दांत सदस्यत्व पातळ केलेलं आहे. नाममात्र सदस्याला मत नसतं. सहयोगी सदस्य मूळ सदस्याच्या आधारानेच उभा असतो. संलग्न महाविद्यालय विद्यापीठाच्या अंमलाखाली असतं. नोटर डेमचं तसं काहीच नाही. 2023मध्ये स्टॅनफर्ड, कॅल आणि टेक्ससमधलं एसएमयू यांना एसीसीत घ्यायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा 15 पैकी 12 मतं लागत होती. विरोधात तिघं होती: फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना. एकही मत इकडचं तिकडे झालं असतं तर ठराव पडला असता. त्या 12 मतांत एक नोटर डेमचं होतं! जे एसीसीत फुटबॉल खेळत नाही, त्याच्या मताशिवाय एसीसीचा फुटबॉल पॅसिफिकपर्यंत पोचला नसता. यांना नाममात्र म्हणायचं?

मुळात ‘अंशतः’ हीच दिशाभूल आहे. अंशतः म्हटलं की वाटतं, पूर्ण सदस्याला सोळा आणे मिळतात तर याला दहा. वस्तुस्थिती वेगळी आहे. सप्टेंबर 2012मध्ये ठरलं आणि जुलै 2013पासून लागू झालं ते असं: बास्केटबॉल, सॉकर, बेसबॉल, तलवारबाजी वगैरेंत नोटर डेम पूर्ण सदस्य, इतरांसारखंच. फुटबॉलमध्ये सदस्यत्व शून्य. त्या शून्याशेजारी एक करार: 2014पासून दर हंगामात सरासरी पाच सामने एसीसीच्या संघांशी खेळायचे. आणि आणखी एक अट: 2036च्या आत फुटबॉलसाठी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जायचंच झालं, तर ती एसीसीच. यात कुठेही अंश नाही. एक पूर्ण, एक शून्य आणि एक करारपत्र.

आणि हे सांगायला मराठीत नवा शब्द पाडावाच लागत नाही. आपल्याकडे ‘वगळून’ आहे आणि ‘पुरता’ आहे. नोटर डेम हे एसीसीचं फुटबॉल वगळून सदस्य. याच्या उलट नेव्ही (नौदल अकादमी) आणि आर्मी: नेव्ही 2015पासून, आर्मी 2024पासून अमेरिकन कॉन्फरन्सचे फुटबॉलपुरते सदस्य, त्यांचे बाकीचे बरेचसे खेळ पेट्रियट लीग या वेगळ्या कॉन्फरन्समध्ये. ‘पार्शल’ हा शब्द दोघांनाही लागतो आणि दोघांतला फरक गिळून टाकतो. आपले दोन साधे शब्द तो फरक दाखवतात.

आणखी पुरावा हवा? एसीसीत आइस हॉकी नाही. म्हणून 2017पासून नोटर डेम बिग टेनचं हॉकीपुरतं सदस्य आहे. ज्या बिग टेनला 1999मध्ये नको म्हटलं, तिचंच. एकच विद्यापीठ इथे ‘वगळून’ आणि तिथे ‘पुरतं’. ‘अंशतः’ने हे लिहून दाखवा.

शिळोप्याच्या गप्पा

सहयोगी मागे घेतो. पण शीर्षकाला तरी काही चटकदार हवं. ‘घर एक, चूल वेगळी’?

कोपऱ्यातली खुर्ची

शीर्षकाला उत्तम. वेगळ्या चुलीवर काय शिजतं तेही सांगता येईल: एनबीसीचे पैसे कुणाला वाढावे लागत नाहीत. तो करार आता 2029पर्यंत वाढवलाय.

दुपारची झोप

पण 2020मध्ये ते फुटबॉलमध्येही एसीसीत होते. घरच्या मैदानावर दुहेरी जादा वेळेत क्लेमसनला 47-40 हरवलं आणि अंतिम सामन्यात त्याच क्लेमसनकडून 34-10 मार खाल्ला. मी पाहिलाय. त्या वर्षी कोण होते मग?

कोपऱ्यातली खुर्ची

हंगामापुरते सदस्य. कोविडमुळे बाकीच्या कॉन्फरन्सनी बाहेरचे सामने रद्द केले, यांना प्रतिस्पर्धीच उरेनात, म्हणून. आणि त्या एका हंगामात चूलही एक होती. एनबीसीचे पैसे सगळ्यांत वाटले गेले. ‘पुरता’ इथेही पुरतो.

मिशिगनकर

मग त्या पाच सामन्यांना काय म्हणायचं? मला तर ती चौथाई वाटते. दरवर्षी एवढं भरा, म्हणजे बाकीच्या राज्याला हात लावत नाही.

खडूफळा

चौथाई एकाच बाजूला जाते. इथे नोटर डेम येणार म्हटलं की यजमानांची तिकिटं खपतात, आणि नोटर डेमला नोव्हेंबरात खेळायला कुणीतरी मिळतं. इतरांचे हंगाम तोवर आपापल्या कॉन्फरन्समध्ये अडकलेले असतात. ‘ठरलेले पाच सामने’ पुरे. दरवेळी उपमा कशाला.

बाकी घरात ताण आहेच. 2025च्या हंगामात नोटर डेमने 12 पैकी 10 सामने जिंकले, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या 12 संघांच्या प्लेऑफमधून ते बाहेर राहिलं आणि मायामी आत गेलं. मायामी एसीसीचं पूर्ण सदस्य, आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी नोटर डेमला 27-24 असं हरवलं होतं. निवडीआधी एसीसीने जोर लावला तो मायामीसाठी. साउथ बेंडला हे फार झोंबलं. पण दोष कुणाचा म्हणायचा? फुटबॉल वगळून असलेल्या सदस्याची फुटबॉलमधली बाजू कॉन्फरन्सने का घ्यावी? इंडियानावाली, या प्रसंगात तुमचा वाचक ‘वगळून’चा खरा अर्थ शिकेल. लेखात तो व्याख्येआधी आणा.

इंडियानावाली

आणते. कोपऱ्यातली खुर्ची, तुम्हाला अंकाची एक प्रत माझ्याकडून. वाक्य आता असं झालंय: ‘गटांतरांच्या लाटेतही नोटर डेम फुटबॉलमध्ये अपक्षच राहिलं; 2013पासून ते फुटबॉल वगळून एसीसीचं सदस्य आहे.’ आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग बाकीची विद्यापीठं एसीसी सोडून का जात नाहीत? म्हणजे आता ‘ग्रँट ऑफ राइट्स’ आलं. एसीसीच्या सदस्यांनी आपल्या घरच्या सामन्यांचे प्रसारणहक्क 2036पर्यंत कॉन्फरन्सला देऊन टाकलेत. सोडून गेलं तरी हक्क मागेच राहणार, असा तो करार. ‘हक्कसोडपत्र’ म्हणू?

शिळोप्याच्या गप्पा

हक्कसोडपत्र केलं की हक्क कायमचा गेला, बहिणींना विचारा. गहाणखतही नाही, कारण कर्ज घेतलेलं नाही. माझ्या मते ‘भाडेपट्टा’. मालकी तुमची, मुदतीपुरता ताबा दुसऱ्याचा, 2036 उजाडलं की परत. दरवर्षी मिळणारा टीव्हीच्या पैशांचा वाटा हे भाडं.

मिशिगनकर

पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले होते ना? पट्टा मोडलाच म्हणायचा.

शिळोप्याच्या गप्पा

मोडला नाही, मार्च 2025मध्ये तडजोड झाली. बाहेर पडायची रक्कम ठरवून दिली, ती वर्षागणिक कमी होत जाते, आणि ती भरली की हक्क बरोबर घेऊन जाता येतात. म्हणजे ‘भाडेपट्टा मुदतीआधी सोडवून घेणे’. आईंना हे नक्की कळेल. नोटर डेमचा पट्टाही आहे बरं का, फुटबॉल वगळून.