मदत हवी आहे: एआरपी स्पूफिंग जमतंय पण डीएनएस अर्धवटच

मंडळी, जरा बघा ना कोणीतरी. एआरपी स्पूफिंग म्हणजे नेटवर्कमध्ये खोटा पत्ता सांगून दुसऱ्या मशीनची रहदारी आपल्याकडे वळवणं, आणि डीएनएस स्पूफिंग म्हणजे साइटच्या नावाला खोटा आयपी सांगणं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटर्नल नेटवर्क करून काली (हल्ला करणारं मशीन), उबुंटू (ज्यावर हल्ला करायचा ते) आणि राउटर म्हणून पीएफसेन्स अशी लॅब लावलीय, सगळी मशीन माझीच, घरच्यांचे फोन वगैरे त्यात कुठेच नाहीत. बेटरकॅप (स्पूफिंगचं टूल) चालू केलं की उबुंटूवर गेटवेच्या आयपीसमोर कालीचा मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) दिसतो, वायरशार्कमध्ये (पॅकेट बघायचं टूल) पोर्ट ५३ च्या म्हणजे डीएनएसच्या क्वेरीज पण कालीवरून जातायत, म्हणजे एआरपीचं काम चोख आहे. आता डिगने (डीएनएसला विचारायची कमांड) एक्झाम्पल डॉट कॉम विचारलं तर कालीचा आयपी येतो पण फायरफॉक्समध्ये खरीच साइट उघडते!! डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (ब्राउझरचं एन्क्रिप्टेड डीएनएस) बंद केलंय, कॅशे पण साफ केलाय.

माझा संशय आयपीव्ही६ वर आहे, कारण डिग नुसतं मागितलं तर ए रेकॉर्डच (आयपीव्ही४ पत्ता) विचारतं आणि ब्राउझर क्वाड ए (आयपीव्ही६ पत्ता) पण विचारतो, त्याचं खरं उत्तर मिळालं तर तो तिकडूनच जाणार ना? आणि आयपीव्ही६ मध्ये एआरपी नसतंच, तिथे नेबर डिस्कव्हरी असतं. हे कॅप्चरमध्ये पक्कं कसं करू?

दुसरं म्हणजे मला खरं तर बचाव शिकायचाय. उबुंटूवर गेटवेची स्टॅटिक एआरपी एंट्री टाकली आणि आर्पवॉच (एआरपीतले बदल कळवणारं टूल) लावलं तर एवढ्या लॅबला पुरेल का, की राउटरच्या बाजूने पण एंट्री बांधायला लागेल?