मदत हवी आहे: फुप्फुसातल्या गाठीसाठी धमनीतून केमो

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. मामांना (वय ६८) फुप्फुसाचा कर्करोग आहे. सलाईनमधून दिलेली केमो आता झेपत नाही, थुंकीतूनही रक्त पडतं. डॉक्टरांनी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी श्वासनलिकेच्या धमनीपर्यंत नेऊन औषध थेट गाठीकडे सोडायचं सुचवलंय. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी शाखा कधीकधी तिथूनच फुटते. तिच्यात औषध गेलं तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून आधी डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून फोटो काढतात. मामी नेमकं तेवढंच धरून बसलीय!

हे बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) होतं, की मुंबईला टाटालाच न्यावं? दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) चालेल? कोणी करून घेतलं असल्यास कृपया कळवा. काढे नकोत, ते चतुर्थीला आलेल्या पाहुण्यांनी भरपूर सुचवलेत.