डिझेल संपल्यावर जुनी गाडी सुरूच होत नाही, डिझेलच्या पाइपांतली एअर (हवा) कशी काढायची?

चारसिलिंडर:
कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या नव्या इंजेक्शनच्या) आधीची चार सिलिंडरची डिझेल गाडी. इनलाइन इंजेक्शन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा), त्याच्या अंगालाच फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) आणि हाताने दाबायचा प्रायमर. चालता चालता डिझेल संपलं. टाकीत ५ लिटर ओतून दहा-बारा वेळा सेल्फ मारला. इंजिन फिरतं पण पकडत नाही, सायलेन्सरमधून धूरही नाही. आता सेल्फ जड चाललाय. प्रायमर ५०-६० वेळा दाबला, पण हाताला पोकळच लागतो. कुठले नट उघडायचे आणि कोणत्या क्रमाने?

ब्लीडस्क्रू:
आधी सेल्फ मारणं थांबवा. धूर अजिबात नाही म्हणजे नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारते ती) डिझेल पोचतच नाहीये. जुन्या इंजिनात नोझल उघडायला साधारण १२० ते २५० बार दाब लागतो आणि पंपाचा प्लंजर (दट्ट्या) एका स्ट्रोकला जेमतेम थेंबभर डिझेल ढकलतो. पाइपात बुडबुडा असला की तो थेंब बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो, नोझल उघडतच नाही. नुसत्या सेल्फवर बॅटरी बसेल, एअर निघणार नाही.

५ लिटरही कमी आहे. टाकीतल्या पाइपाचं तोंड तळापासून थोडं वर असतं. गाडी तिरकी उभी असेल तर तेवढं डिझेल एका कोपऱ्यात जाऊन बसतं. गाडी सपाटीवर घ्या, अजून ५ तरी टाका.

एअर नेहमी टाकीकडून इंजिनाकडे काढत जायची. प्रायमरची मूठ उलटी फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) एक-दीड आटा ढिला करा, खाली फडकं धरा आणि प्रायमर सावकाश, पूर्ण स्ट्रोकने मारा. आधी फुसफुस येईल, मग फेस, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हात थांबवून आवळलात तर थोडी हवा परत आत जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीच्या बाजूचा आधी. मग इंजेक्शन पंपावरच्या ब्लीड स्क्रूलाही हेच. प्रायमर हाताला घट्ट लागला की इथवरचं काम झालं. मूठ दाबून परत आवळायला विसरू नका, नाहीतर तिथूनच डिझेल गळेल किंवा हवा आत जाईल.

आता नोझलकडचे पाइप. नोझलला पाइप जोडणाऱ्या चार युनियन नटांपैकी दोन अर्धा-एक आटा ढिले करा (बहुतेक १७ किंवा १९ चा पाना). इंजिन बंद करायची स्टॉपची दोरी पूर्ण आत आहे ना ते बघा, ती अर्धवट ओढलेली राहिली तर पंप डिझेल देतच नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून १०-१५ सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती. नटापाशी फेस जाऊन डिझेल उसळायला लागलं की आवळा. इंजिन बहुतेक आधी या एअर काढलेल्या दोन सिलिंडरवरच धडधडत पकडेल. पकडलं की पाय लगेच सैल करा.

नटाजवळ बोट किंवा तोंड नेऊ नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.

जुनंलोखंड:
वरचं सगळं बरोबर, पण 'पोकळ लागतो' यावरून एक वेगळी शंका येते. प्लंजरऐवजी डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा), बाजूला छोटी दांडी असलेला फीड पंप असेल, तर त्याला ढकलणारा इंजिनाचा कॅम नेमका उंचावर थांबल्यावर दांडीला स्ट्रोकच मिळत नाही. इंजिन एक फेरा फिरवा आणि परत बघा. दांडी नसेल तर फीड पंपाची जाळी उघडून धुवा. टाकी कोरडी होताना तळातला गाळ नेमका तिथे येऊन अडकतो, आणि व्हॉल्व्हखाली कचरा बसला तर प्रायमर जन्मभर मारलात तरी डिझेल उचलणार नाही.

चारसिलिंडर:
प्लंजरचाच आहे. जाळीत बराच गाळ होता, धुतली. आता डिझेल येतं, पण फिल्टरच्या स्क्रूपाशी फेस संपतच नाही. दोनशे स्ट्रोक तरी झाले असतील. बाहेर कुठे थेंबही गळत नाही.

ब्लीडस्क्रू:
गळणार नाहीच. टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खात्रीसाठी फीड पंपाची येणारी नळी सोडा आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये दुसरी नळी बुडवून तिथे जोडा. फेस थांबला तर दोष मागे, टाकीकडे: तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप किंवा टाकीतला सडलेला पाइप. थांबला नाही तर फीड पंपाच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर बदला (जुने परत लावू नका), जाळीच्या वाटीची रबरी रिंग आणि प्रायमरचं सीलही बघा.

जुनंलोखंड:
एअर निघाल्यावर सेल्फला पांढरा धूर दिसला तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. तेव्हा नट परत उघडू नका. बॅटरी चार्ज करा, ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा. आणि ग्लो प्लगच्या इंजिनात इथरचा (झटकन पेटणारा) स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन-रिंगा फुटतात.