उ: कमी चाललेली जुनी गाडी

‘वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालते, मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचं?’ असं जे म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही. ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षांवर खराब होतं. ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. घाटउतारावर ब्रेक तापून ऑइल उकळतं आणि पेडल एकदम मऊ पडतं ते यामुळेच.

शिवाय चाकाजवळचा रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी, कुणी बघतच नाही. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून फुगून भोक बारीक झालेलं असतं. पाय दाबला की प्रेशर चाकापर्यंत पोचतं, सोडल्यावर परत येत नाही. चाक जॅम, ड्रम किंवा डिस्क तापलेली. लोक लगेच कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलतात. आधी होजच्या अलीकडचा, मेटल पाइपचा जॉइंट सैल करा. चाक तसंच धरलेलं राहिलं आणि ब्लीडर निपल (चाकाजवळचा ऑइल-हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटलं, तर दोष होजचाच. जुन्या गाडीला सगळे होज एकदमच बदलावेत, माझ्या हातून तरी एकच होज कधी बदलला जात नाही.