अंबाजोगाईला बाबांची चार्जिंगची गाडी, बॅटरी पुरेना

नमस्कार मंडळी,

प्रश्न आपल्या मराठी मंडळाचा नाही, घरचा आहे, पण लिस्टवर अर्धी माणसं बीड-लातूर-परभणीची म्हणून इथंच टाकायलेय. बाबांनी मोंढ्यात जायला-यायला चार्जिंगची गाडी घेतली, ती बिनलायसनची, पंचवीसच्या स्पीडची. दुकानदारानं साठ किलोमीटर सांगितलं, नवी होती तेव्हा चाळीस जायची आणि त्यावर बाबा खुश होते, आता पंधरा-वीसातच दम सोडायलीय, जरा चढ लागला की मीटरवरचे दोन खाने एकदम गायब. मुकुंदराजाच्या समाधीकडं तर नेतच नाहीत, खाली उतरलं की परत वर यायचंय ना. मिस्त्री म्हणायलाय बॅटऱ्यांत पाणी टाकून देतो. टाकू द्यावं का? आणि इथं मी माझ्या सायकलीची चार्जिंग ऐंशी टक्क्यावर काढते, तसंच बाबांना सांगू का?

— अंबाजोगाई, सध्या युट्रेक्ट (नेदरलँड्स)

---

ताई, ऐंशी बरोबर आहे. माझी ३६ व्होल्टची, ५०० वॅट-अवरची आहे, वीस ते ऐंशीच्या मधेच ठेवतो, लांब जायचं असलं तरच फुल. हिवाळ्यात बॅटरी काढून घरात आणायची, शून्याच्या खाली गार असताना चार्जरला लावायची नाही, आणि थंडीत रेंज कमी दिसली तर घाबरायचं नाही, उन्हाळ्यात परत येते. बाबांनाही हेच सांगा.

— नांदेड, सध्या आइंडहोवन

---

अरे बाबांनो जरा दमानं. हे सगळं सायकलीतल्या लिथियम बॅटरीचं झालं. तिकडं आपल्याकडं त्या स्पीडच्या स्वस्त गाड्यांत खूपदा लेड ॲसिड, म्हणजे शिसं आणि आम्लाची बॅटरी असते, आणि तिचं सगळं उलटं असतं. तिला अर्धवट ठेवलं की आत प्लेटींवर सल्फेट बसतं आणि ते नंतर निघत नाही. म्हणजे ऐंशीवर काढायची नाही, रोज रात्री फुल होऊ द्यायची, चार्जरचा लाईट हिरवा झाल्यावरच काढायची, आणि गावाला जाताना रिकामी सोडून जायचं नाही. लिथियम महिनाभर ठेवायची तर अर्धी भरून ठेवा, लेड ठेवायची तर पूर्ण भरून. एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला की बॅटरी मेलीच म्हणून समजा.

तेव्हा आधी सीटखाली काय आहे ते बघायला सांगा. चार-पाच वेगवेगळे जड ठोकळे वायरनं जोडलेले असले तर लेड. स्टिकरवर ग्रॅफीन लिहिलेलं असलं तरी आतून बहुतेक लेडच असते, ते नाव विकायला असतं. एकच डबा, त्यातून जाड प्लग निघालेला, असं असलं तर बहुतेक लिथियम. आणि ठोकळे सीलबंद असतील तर पाणी अजिबात टाकू देऊ नका, झाकण उचकटून टाकलेलं पाणी चार दिवस बरं वाटतं, तेवढंच.

लेडच निघाली तर रेंज कमी व्हायचं कारण बहुतेक एकच: चारांतली एक बसलेली असते. सगळ्या एका माळेत असल्यामुळं एक बैल बसला की बाकीचे तीन असून उपयोग नाही. फुल चार्ज करा, चार्जर काढून दोन-तीन तास राहू द्या, मग एकेका बॅटरीला मल्टिमीटर लावा. एक चक्कर मारून आल्या आल्या परत लावा. जिचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा बराच खाली, ती बसलेली.

चढाचंही सांगतो. गाडी आणि माणूस मिळून १७० किलो धरा. १०० मीटर वर चढवायला नुसत्या उंचीचे ४६ वॅट-अवर लागतात, मोटरमधली गळती धरून साठेक. बसलेल्या बॅटरीचा व्होल्टेज एवढ्या लोडला लगेच पडतो, म्हणून खाने गायब होतात आणि सपाटीला आलं की परत दिसतात.

आणि ऊन! इथं आपण थंडीचं बोलत बसतो, तिकडं मे महिन्यात पत्र्याखाली गाडी उभी केली तर हात लावता येत नाही. लेड ॲसिडचं आयुष्य २५ डिग्रीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला निम्मं होतं. लिथियमलाही ऊन आणि फुल चार्ज एकत्र सोसत नाही. जुना वाडा असेल तर ढाळजेत, म्हणजे दारातल्या देवडीत लावायला सांगा, जाड भिंती, गार असतं. उन्हातून आली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर निवू द्यायची.

— परभणी, सध्या ॲमस्टलवीन

---

काका, तुमचं खरं निघालं, चार ठोकळे आहेत, ४८ व्होल्ट. भावानं मीटर लावला: तीन १२.८, चौथी १२.१. चक्कर मारून आल्यावर बाकीच्या १२.३ आणि ती १०.९. मिस्त्री आता म्हणायलाय एकच बदलून देतो, स्वस्तात होईल. आणि लिथियमच टाकली तर?

---

एकच नवी टाकली तर जुन्या तीन तिलाही ओढतात. चारही बदला.

लिथियम टाकायची तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, उन्हाला ती जास्त टिकते आणि वजन पस्तीसेक किलोचं निम्म्याहून कमी होतं. पण चार्जर बॅटरीसोबतचाच पाहिजे, जुना लेडचा चालवायचा नाही, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर जुळतो का तेही बघावं लागतं. जोडणारा माणूस भरवशाचा असला तरच करा. मोंढ्यापर्यंत जायला मला तर लेड पुरेशी वाटते.

— परभणी

---

एक राहिलं. चारही एकाच तारखेच्या घ्यायला सांगा, बॅटरीवर छापलेली असते. दुकानात वर्षभर चार्ज न करता पडलेली लेड बॅटरी नवी म्हणून देतात. आणि चार्जर १५ अँपिअरच्या प्लगला लावा, आमच्याकडं एक्स्टेन्शन बोर्डाची पिन वितळून चिकटली होती.

— लातूर, सध्या द हेग

---

तारीख बघायला सांगितलं. बाबा विचारायलेत जुन्या बॅटऱ्या दुकानदार परत घेतो का?

---

घेतात, किलोवर. शिशाचा भाव असतो, आधी ठरवून घ्या आणि बिलातून वजा करायला लावा.

— परभणी